रोज्यातली गूळखरेदी

मुलुंडच्या एका चिक्कीच्या कारखान्यात नफिसा सोलकर बावीस वर्षं गूळ चाखत होती. कागदावर तिचं पद गुणवत्ता अधिकारी असं होतं, पण कारखान्यात तिची खरी ओळख तिची जीभ हीच होती. तिने खडा तोंडात ठेवून डोळे मिटले आणि थोड्या वेळाने मान डोलावली की माल आत यायचा. नाक मुरडलं की ट्रक आला तसा परत. रंग, कण, चिकटपणा हे सगळं कुणीही शिकलं तर ओळखू शकतं, पण गुळातला खार ओळखायला जीभच लागते. आणि खार राहिला की दहा-पंधरा दिवसांत लाडवाला पाणी सुटतं, चिक्की दाताला चिकटते, दुकानदार बरण्या परत पाठवतात.

वर्षाचा गूळ एकदाच घ्यायचा आणि शीतगृहात ठेवायचा, अशी कारखान्याची रीत. त्यासाठी दर फेब्रुवारीच्या शेवटी नफिसा आणि सहदेव परब कोल्हापूरकडे जायचे. सहदेव खरेदी बघायचा. राहायला नाहूरला, मूळचा मालवणचा, बावन्न वर्षांचा, म्हणजे नफिसापेक्षा चार वर्षांनी मोठा. पण दोघं एकमेकांना अरेतुरेच करायची. भाव, वजन, ट्रक, पावत्या हे सहदेवकडे, चव नफिसाकडे. पंधरा वर्षं ही जोडी अशी ठरून गेलेली होती.

रमजान आजवर त्यांच्या या दौऱ्याच्या आड कधी आला नव्हता. नफिसा नोकरीला लागली तेव्हा रोजे दिवाळीच्या आसपास असायचे, मग पावसाळ्यात आले, मग भर उन्हाळ्यात. दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत गेल्या वर्षी असं झालं की दोघं कोल्हापूरहून परतली आणि दोनच दिवसांनी चाँद दिसला. या वर्षी मात्र हिशेब सरळ होता. दौऱ्याला निघायचं तो सातवा रोजा होता.

चौथ्या रोज्याला मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नंदकिशोर हे कारखान्याच्या तिसऱ्या पिढीतले, चाळिशीच्या आतले, स्वभावाने मऊ.

“नफिसाताई, या खेपेला तुम्ही कोल्हापूरला नका जाऊ,” ते म्हणाले. “लॅबमधला प्रज्योत जाईल, ते नवं मशीन घेऊन. तुमचे रोजे चालू आहेत. उगाच दगदग कशाला?”

सहदेव खिडकीपाशी उभा होता आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललेलं असावं तसा बघत होता. त्यावरून नफिसाला कळलं की ही कल्पना कुणाची आहे.

“मशीन खार सांगतं का?” तिने विचारलं.

“पाण्यात विरघळवून आकडा देतं म्हणे.”

“आकडा देतं. तो आकडा लाडवात कसा लागेल, ते नाही सांगत.” ती शांतपणे म्हणाली. “मी उद्या सांगते सर, चालेल?”

ती खाली आली ती सरळ गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सहदेव पाठोपाठ आला. सवयीने त्याने दोन कटिंग सांगितले, मग जीभ चावून एकच सांगितला.

“माझा उपास आहे रे,” नफिसा म्हणाली. “आजारपण नाही.”

“माहिती आहे.”

“मग माझ्या पाठीमागे कशाला ठरवलंस?”

सहदेवने ग्लास हातात फिरवला. “मला वाटलं, तुला बरं पडेल. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, वर चारशे किलोमीटर गाडी, आणि तिथे जिकडे जावं तिकडे गूळच गूळ. तू चाखणार कसं? आणि नाही चाखलंस तर तिथे नुसती बसून काय करणार? मला ते बघवलं नसतं.”

“हे सगळं मला विचारता आलं असतं.”

“आलं असतं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

सहदेव चूक कबूल करताना फार शब्द वापरत नसे, ते तिला माहीत होतं. तिचा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, ते ती घरी जाताना ठरवत राहिली.

खरं तर सहदेवचा प्रश्न खोटा नव्हता. गूळ चाखायचा म्हणजे खडा जिभेवर पूर्ण विरघळू द्यायचा, घशापर्यंत जाऊ द्यायचा. नुसतं टोकाला लावून थुंकलं तर गोडी कळते, खार कळत नाही. तिच्या माहेरी आई रोज्यात रस्सा जिभेच्या टोकाला लावून मीठ बघायची आणि लगेच चूळ भरायची. तेवढं चालतं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण दिवसाला तीस नमुने चाखायचे आणि घशाखाली काहीच गेलं नाही असं म्हणायचं, हे तिला छातीवर हात ठेवून जमलं नसतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. वर्षाचे अकरा महिने तिची जीभ कंपनीची असायची. लग्नात जेवायला बसली तरी बासुंदीतली साखर तिला आधी जाणवायची, बासुंदी नंतर. मसालेदार खायचं नाही, फार गरम प्यायचं नाही, पान नाही, सुपारी नाही. रमजानात मात्र पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत त्या जिभेला कुणी काही विचारत नसे. कारखान्याच्या रोजच्या नमुन्यांची थाळी या महिन्यात संध्याकाळी तिच्याबरोबर घरी यायची आणि ती रात्री जेवण झाल्यावर चाखून मेसेज करायची. दिवसभराची ती रिकामी, स्वच्छ, कोरडी जीभ तिला आवडायची. भूक लागायची, दुपारी तीनच्या सुमाराला डोकंही जड व्हायचं, पण तोंड मात्र आपलं स्वतःचं वाटायचं.

गोवंडीला घरी पोचली तेव्हा मुश्ताक ओट्याशी उभा राहून कांदा कापत होता. तिचा नवरा आयुष्यभर बंदरातल्या टगबोटीवर होता, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला आणि स्वयंपाकघर त्याने जवळजवळ ताब्यातच घेतलं होतं. तिने सगळं सांगितलं.

“सफरीत रोजा सोडायची मुभा आहे,” तो म्हणाला. “दोन-तीन दिवस सोड, नंतर भरून काढ. कुणी नावं ठेवणार नाही.”

“मुभा आहे, ते ठाऊक आहे मला. त्रास झाला तर घेईन. पण आधीच घ्यायची नाहीये.”

कांदा कापून झाल्यावर मुश्ताकने माळ्यावरून छोटी इलेक्ट्रिक किटली काढली, तिची वायर तपासली आणि पहाटेच्या चहासाठी नफिसाच्या बॅगेजवळ ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी नफिसाने नंदकिशोरना आपला बेत सांगितला. दिवसभर गुऱ्हाळांवर फिरायचं, माल डोळ्यांनी-हातांनी बघायचा, प्रत्येक थप्पीतला नमुना पुडीत बांधून नंबर घालायचा. चाखायचं सगळं संध्याकाळी, इफ्तारनंतर लॉजवर बसून. सकाळी फोनवर सौदे पक्के करायचे. “एक रात्र उशीर होईल, एवढंच,” ती म्हणाली. नंदकिशोरना त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रज्योतला मशीनसह मुलुंडलाच ठेवायचं ठरलं आणि त्यालाही त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

सातव्या रोज्याला सहा वाजता सहदेव कंपनीची गाडी घेऊन गोवंडीला आला. नफिसा पहाटेची सहेरी करून, नमाज पढून तयार होती. घाट चढून वर आल्यावर सहदेवने एका फूड मॉलपाशी गाडी हळू केली, मग परत वेग घेतला.

“थांब ना,” ती म्हणाली.

“नको. मला भूक नाही.”

“सकाळी काय खाल्लंस?”

“चहा.”

“सहदेव, तू उपाशीपोटी गाडी चालवलीस तर मला भीती वाटेल. माझा रोजा तुझ्या वड्याने मोडत नाही. पुढच्या ठिकाणी थांब आणि नीट खाऊन घे.”

पुढच्या ठिकाणी तो उतरला, आणि काचेआड पाठमोरा बसून त्याने मिसळ खाल्ली. गाडीत परत आला तेव्हा बडीशेपेचा वास येत होता. सातारा गेलं तरी दोघं काही विशेष बोलली नाहीत, पण ते न बोलणं नेहमीसारखंच होतं, अवघडलेलं नव्हतं.

दुपारनंतर कोल्हापूरच्या अलीकडची चार गुऱ्हाळं झाली. नफिसा रवा हातात घ्यायची. रवा म्हणजे साच्यात घातलेली गुळाची ढेप. ती तो उलटा करून बुडाचा रंग बघायची, सुरीने कोपरा उडवून कण बोटांत चुरायची, नाकाशी धरायची. मग नमुना पुडीत. गुऱ्हाळवाले वर्षानुवर्षांचे ओळखीचे. “ताई आज तोंडात का टाकत न्हाईत?” असं एकाने सहदेवला विचारलं, तेव्हा सहदेवने इतक्या सविस्तर रमजान समजावून सांगितला, की नफिसाला मध्ये पडून दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या आणि सफरीत सूट असते हेही सांगावं लागलं.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत टेबलावर अकरा पुड्या मांडल्या गेल्या. नफिसाने खजूर खाल्ला, पाणी प्यायली, नमाज पढली आणि लगेच कामाला बसली. सहदेव वही घेऊन समोर.

पहिला खडा उत्तम होता. दुसराही उत्तम. तिसरा तर अप्रतिम. पाचव्यापर्यंत सगळेच उत्तम निघाले, तेव्हा तिने हात थांबवला.

“काय झालं?” सहदेवने विचारलं.

“मला सगळंच गोड लागतंय,” ती म्हणाली. “तेरा तास काही नव्हतं ना पोटात. आता तू वीट दिलीस तरी मी पास करेन.”

सहदेवला हसू आलं, आणि मग तीही हसली. त्यांनी खाली जाऊन जेवण केलं, तासभर बसून राहिली, तिने कोमट पाण्याने चुळा भरल्या, मुरमुरे चावून तोंड साफ केलं आणि मग पहिल्यापासून परत सुरुवात केली. आता अकरांपैकी चार नमुने नापास झाले. बावीस वर्षांच्या नोकरीत तिला हे नवं कळलं होतं: भुकेली जीभ दयाळू असते, तिच्या भरवशावर खरेदी करायची नाही.

आठवा रोजा. त्या दिवशी अंबादासच्या गुऱ्हाळावर जायचं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याचा ऊस, आणि त्याचा गूळ कारखान्याच्या तिळाच्या लाडवांसाठी राखून ठेवलेला असायचा. लाडवात तीळ आणि गूळ दोनच गोष्टी, त्यामुळे गूळ लपायला जागाच नसते. दरवर्षी अंबादासचा सगळा माल डोळे मिटून घेतला तरी चालायचं.

या वेळी तिथे पोचल्यावर आधी दिसला तो एक रिकामा ट्रक. अंबादास चुलवाणाच्या जाळापासून धावतच आला. पन्नाशीचा, उंच, वाफेने भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला.

“आलासा ताई? बसा,” तो म्हणाला. “पण एक घोळ झालाय. होळी आली न्हवं तोंडावर. पोळ्यांच्या गुळाला व्यापारी माणसं पाठवायला लागलीत. त्यो ट्रक सकाळधरनं हुबा हाय. मी म्हटलं, मुलुंडवाले येणार हाईत, त्यांनी सोडलेलं तुमचं. त्यो म्हणतो, तीन वाजेस्तवर सांगा, न्हाईतर मी दुसरीकडं जातो.”

नफिसाने घड्याळ पाहिलं. पावणेदोन झाले होते. सूर्य मावळायला पाच तास.

“मग आम्ही सगळाच घेतो की,” सहदेव म्हणाला. “नेहमीसारखा.”

अंबादासने मान खाली घातली. “तेच तर सांगायचंय. यंदा नदीकाठचा ऊस आन् विहिरीवरचा ऊस, दोन्ही मिसळून गाळलाय. विहिरीचं पाणी मचूळ झालंय. आठ थप्प्या हाईत. कुठल्या थप्पीत खार उतरलाय, मला सांगता येत न्हाई. दिवसभर या गोड वाफेत हुबं ऱ्हाऊन माझी जीभ कामातनं गेलीय. तुमास्नी फसवून द्यायचा न्हाई.”

त्याचा हा सरळपणा नफिसाला नेहमीच आवडत आला होता, पण आत्ता त्याने पेच सुटत नव्हता. सगळा घ्यावा तर खारट थप्प्याही पदरात पडणार. सोडावा तर वर्षभराचे लाडू कशाचे करायचे?

सहदेव तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “सफरीत सूट असते, तू काल सांगितलंस. मी आग्रह करत नाही. फक्त आठवण देतोय.”

नफिसा शेडबाहेरच्या बाकावर बसली. सूट घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि त्यात काही गुन्हा नव्हता. तिच्या मनात कसली भीतीही नव्हती. पण तिला अजून थकवा नव्हता, डोकं दुखत नव्हतं, रोजा तिला जड जात नव्हता. ज्यासाठी सवलत असते तसं काही झालंच नव्हतं. अडलं होतं ते एवढंच, की कारखान्यात चव घेऊ शकणारं माणूस एकच होतं. आणि तो दोष रमजानचा नव्हता. बावीस वर्षांत तिने दुसऱ्या कुणाला हे शिकवलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण आपल्यावाचून अडतं याचं तिला बरंही वाटत आलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

ती उठली. “सहदेव, तू चाख.”

“मी?”

“तू.”

“अगं, माझी जीभ म्हणजे पायपुसणं. तीस वर्षं तंबाखू खाल्लीय.”

“सोडून किती झाली?”

“पाच वर्षं.”

“पाच वर्षांत जीभ परत येते. घरी बांगड्याच्या तिखल्यात मीठ जास्त झालं तर कळतं ना तुला?”

“ते कळतंच. बायकोला विचार.”

“बस झालं तेवढं.”

तिने अंबादासकडून खडू मागून आठ थप्प्यांना नंबर घातले. सहदेवला कोमट पाण्याने चूळ भरायला लावली, मुरमुरे खायला लावले. प्रत्येक थप्पीतला मधला रवा उलटा करून तिने स्वतः खडा काढला, त्याचा कण पाहिला, वास घेतला, आणि मग तो सहदेवच्या हातावर ठेवला.

“चावायचा नाही. जिभेवर ठेव आणि विरघळू दे. डोळे मीट.”

सहदेवने डोळे मिटले. पंधरा वर्षं ती चाखायची आणि तो वही घेऊन तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. आज पहिल्यांदा उलटं चाललं होतं. अंबादास आणि त्याची दोन माणसं काम सोडून बघायला आली.

“गोड आहे,” सहदेव म्हणाला.

“गूळच आहे तो. गोडच असणार. कसा गोड?”

तो अडला. “शहाळ्यातलं पाणी असतं ना, तसा. मग जरा जड.”

“आणि गेल्यावर?”

“गेल्यावर काही नाही.”

“एक नंबर घेतला. पाणी पी. दोन.”

दोन नंबरही तसाच गेला. तिसऱ्याला सहदेव बराच वेळ डोळे मिटून राहिला. त्याच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली.

“आधी बरा वाटला,” तो म्हणाला. “पण आता… मागसून कायतरी येता गो.” गोंधळला की तो मालवणीवर यायचा.

“मागून म्हणजे? गिळल्यावर?”

“हां. गोड गेलं, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना काहीतरी राहिलं. पेजेत मिठाचा खडा पूर्ण विरघळला नाही की कसं लागतं, तसं.”

हेच होतं ते. बावीस वर्षं हे नफिसाला कळत होतं, पण कुणी विचारलं की ती फक्त “खार आहे” एवढंच सांगायची. खार उशिरा येतो आणि जिभेच्या कडांना बसतो, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

“तोच,” ती म्हणाली. “तीन सोडला. आता पुढे असंच कर. आधी काय लागतं ते सोडून दे. मागून काय येतं, तेवढंच बघ.”

चौथ्याला तो घुटमळला. “येतं की नाही येत, सांगता येत नाही,” म्हणाला. दुसरा खडा घेतला, तेव्हा त्याने नाही म्हटलं. नफिसाने त्याचा चेहरा पाहिला, खड्याचा वास पुन्हा घेतला आणि चार नंबर घेतला. पाच, सहा चांगले निघाले. सातव्याला खडा पुरता विरघळायच्या आधीच सहदेवने डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली. अंबादास म्हणाला, “ही थप्पी विहिरीकडच्याच उसाची जास्त, मला वाटलंच व्हतं.” आठवा घेतला. सहा थप्प्या मुलुंडच्या, दोन ट्रकवाल्याच्या. तीनला दहा मिनिटं कमी होती. ट्रकवाला खूश होऊन आपला माल भरायला लागला. पोळीच्या पुरणात एवढातेवढा खार कुणाला कळणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि नफिसाच्या मते ते बरोबरही होतं.

सहदेव बाकावर येऊन बसला. घामाघूम झाला होता.

“बरोबर केलं ना मी?” त्याने विचारलं.

“संध्याकाळी सांगते.”

“तोपर्यंत माझा जीव टांगणीला.”

“बाकीची दोन गुऱ्हाळं उद्या करू. आज इथेच थांबू या,” ती म्हणाली. तिला खरंच तिथे बरं वाटत होतं. चिपाडांचा धूर, रसाचा वास, कढईवर हलत असलेली वाफ. भूक होती, पण ती कुठेतरी खोलीतल्या दुसऱ्या माणसासारखी गप्प बसली होती. ती उसाच्या कडेच्या बांधावरून थोडं चालून आली, सावलीत पाठ टेकली, डोळा लागला.

सूर्यास्त सहा चाळीसला होता. तिथे अजान ऐकू येणारी नव्हती, तिने फोनवर वेळ लावून ठेवली होती. अंबादासच्या बायकोने शेडमध्येच एक चटई अंथरून दिली, स्वच्छ पाण्याची कळशी आणून ठेवली. नफिसाने खजुराची डबी उघडली आणि सगळ्यांना एकेक दिला. वेळ झाल्यावर तिने आधी पाणी घेतलं. पहिला घोट घशातून उतरताना कसा थेट पोटापर्यंत कळतो, ते दर वर्षी तिला नव्याने आठवायचं. अंबादासची बायको गरम भाकरी आणि वाटीभर काकवी घेऊन आली. “नमाज झाल्यावर खावा निवांत,” म्हणाली. नफिसाने नमाज पढली, मग भाकरी काकवीत बुडवून सावकाश खाल्ली. कामासाठी नाही, नुसती खाण्यासाठी. काकवी चांगली होती, आणि त्यापलीकडे तिने तिच्याबद्दल काही ठरवलं नाही.

तास गेल्यावर आठही पुड्या समोर आल्या. सोडलेल्या दोन थप्प्यांचेही नमुने तिने ठेवून घेतले होते. सहदेव समोर बसला, पण त्याला वही धरवेना.

तिने एकापासून आठपर्यंत सगळे चाखले, मध्ये मध्ये चुळा भरत. मग चौथा परत एकदा.

“बोल आता,” सहदेव म्हणाला.

“तीन आणि सात मीही सोडले असते. एक, दोन, पाच, सहा, आठ मीही घेतले असते.”

“आणि चार?”

“चार नसता घेतला. थोडा आहे खार. तुला आधी शंका आली होती, ती बरोबर होती. मीच तुला दुसरा खडा द्यायला नको होता.”

सहदेवचं तोंड पडलं. “म्हणजे एक थप्पी वाया.”

“वाया कशाने? शेंगदाण्याच्या चिक्कीत जाईल. दाण्याला एवढा खार उलट मानवतो. फक्त लाडवाच्या गोदामात जाऊ द्यायची नाही. आठात सात, सहदेव. माझं पहिल्या वर्षी आठात पाचही नव्हतं.”

सहदेवने पुडीतला एक नंबरचा खडा उचलला आणि कुणी न सांगता जिभेवर ठेवला. “पाच वर्षं मला वाटत होतं, मेलीय ही जीभ,” तो म्हणाला. “सगळं जेवण निम्मंच लागायचं. मग लक्ष देणंच सोडलं होतं.” मग त्याने बायकोला फोन लावला आणि मालवणीत तिला बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. मध्येच “सात, आठातले सात” एवढं नफिसाच्या कानावर आलं.

दहाव्या रोज्याला दोघं परत कामावर होती. नंदकिशोरनी नमुने पाहिले, भाव पाहिले आणि समाधानाने फाइल मिटली. “बरं झालं तुम्ही गेलात,” ते म्हणाले. “आणि आणखी दोन वर्षांचाच प्रश्न आहे. मी कॅलेंडर बघितलं. मग रमजान जानेवारीत सरकेल, आपला दौरा मोकळा.”

“प्रश्न रमजानचा नाही, सर,” नफिसा म्हणाली. “मला ताप आला तरी हेच होणार. मला दर शनिवारी तासभर द्या. सहदेव आणि प्रज्योत चाखतील. मी नुसती विचारत बसेन.”

“रमजान संपल्यावर सुरू करू या.”

“आत्ताच करू या. या महिन्यात माझं तोंड बंद आहे, तेव्हा त्यांना स्वतःच बोलावं लागेल. नाहीतर तेही माझ्या चेहऱ्याकडेच बघत बसतील.”

शनिवारी दुपारी लॅबमध्ये सहा वाट्या मांडल्या गेल्या. प्रज्योतने आधी मशीन लावलं, आकडे लिहिले, मग खडा तोंडात टाकला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सगळं चुकीचं सांगितलं. सहदेवने त्याला कसं चाखायचं ते शिकवायला घेतलं. हातवारे करून, पेजेचे दाखले देत, एखाद्या जुन्या उस्तादासारखा. नफिसा खुर्चीत टेकून ऐकत होती. दोनदा तिला सांगावंसं वाटलं की अरे, तसं नव्हे, आणि दोन्ही वेळा ती गप्प राहिली. थोड्या वेळाने प्रज्योतला स्वतःलाच कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघायला तिला फार मजा आली.

त्या दिवशी नमुन्यांची थाळी तिने घरी नेली नाही. गरज नव्हती. साडेपाचला ती गोवंडीला पोचली तेव्हा गल्लीत फळवाल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. तिने एक टरबूज आणि थोडी पपई घेतली. वर मुश्ताकने रश्श्याची कढई मंद आचेवर ठेवली होती आणि तो काळजीत होता, कारण मीठ अंदाजाने घातलं होतं.

“तू जरा बघतेस?” त्याने विचारलं. “जिभेच्या टोकाला लाव फक्त.”

“नाही,” ती म्हणाली, आणि पिशवी ओट्यावर ठेवून टरबूज धुवायला घेतलं. “आज सुट्टी आहे मला. जसं असेल तसं खाऊ.”

मुश्ताक हसला आणि ताटं घ्यायला लागला. अजानला अजून चाळीस मिनिटं होती. नफिसाने टरबूज कापून थाळीत लावलं, हात पुसले आणि खिडकीपाशी येऊन नुसती बसून राहिली.